ताणाच्या दिवसांतले पाणी

मे महिना लागला की सौंसरच्या बागांमधून एक आवाज निघून जातो. एरवी रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंनी विहिरींवरच्या मोटारींची घरघर ऐकू येत असते. ती थांबते. वीज गेलेली नसते, विहीरही आटलेली नसते. बागेला ताण दिलेला असतो.

ताण म्हणजे संत्र्याच्या झाडाला मुद्दाम तहानलेले ठेवणे. मृगाचा बहार घ्यायचा असेल तर ऐन उन्हाळ्यात पाणी तोडतात. पाने मलूल होतात, कडांनी वळतात, काही पिवळी होऊन गळतात. बाहेरून आलेला माणूस म्हणतो, बाग गेली. बागवाला मात्र रोज सकाळी ओळींतून हिंडतो, एखादे पान चिमटीत धरतो आणि पुढे जातो. ताण कमी पडला तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते. जास्त झाला तर फांद्या वाळतात. बेताचा बसला तर पावसानंतर झाड अंगभर फुलते. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत या दिवसांत माणसे एकमेकांना तब्येत विचारावी तसे विचारतात, "ताण कसा बसून राहिला?"

याही वर्षी मोटारी थांबल्या. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या बसच्या खिडकीतून त्या वळलेल्या पानांच्या रांगा दिसल्या आणि ऐंशीच्या दशकातला एक उन्हाळा पुन्हा समोर आला. तो उन्हाळा बागेत गेला नव्हता. तो गेला होता बागांच्या वर, घाटातल्या एका ओल्या दरीत, बांबूच्या कुटीत.

नागपूरच्या एका दैनिकात तेव्हा नोकरी होती. काविळीने अंग धरले. डॉक्टरांनी छापखान्याच्या उकाड्यातून बाहेर जायला सांगितले. सौंसरला घर होते, पण मे महिन्यातले सौंसर म्हणजे भट्टीच्या तोंडाशी ठेवलेली खुर्ची. वडिलांच्या ओळखीचे वामनराव म्हणाले, "पोराले माझ्याकडं धाडा. पंखा नाई, पन पंख्याचं कामच नाई."

वामनराव मोहगावचे. संत्र्याचे जुने बागाईतदार. घाटाच्या पायथ्याशी त्यांची मोठी बाग होती आणि बागेच्या वर, जंगलाला लागून, एक दरीचा तुकडा त्यांच्या मालकीचा होता. तिथे शेती होत नव्हती. दूरच्या एका अभयारण्याजवळ त्यांनी पाहुण्यांसाठी बांधलेल्या झोपड्या पाहिल्या होत्या. परत येऊन त्यांनी दरीत बांबू, माती आणि गवताच्या चार कुट्या उभ्या केल्या. वीज घेतली नाही, कंदील ठेवले. एकही झाड तोडले नाही. अर्जुनाचे एक झाड मध्येच येत होते, तर कुटीची भिंत वळवली. पर्यावरण हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांतही आठवड्यातून एखाद्या वेळी यायचा. वामनराव तो वापरत नसत. ते म्हणायचे, "शहरातल्या मानसाले जंगल जसंच्या तसं दाखवाचं. आपन मधात पडाचं नाई."

मोहगावात या प्रकाराची बरीच थट्टा झाली. पानठेल्यावर एकाने त्यांना विचारले होते, "जंगलात पैसे देऊन झोपाले कोन येईन, वामनराव? आमी त जनमभर फुकट झोपून राहिलो."

"तुमी झोपता तिथं जनावर येत नाई ना," वामनराव म्हणाले. "तुमचं घोरनं आयकूनच पळते."

पाहुणे आले. नागपूरचे बँकेतले लोक, कॉलेजातले एक प्राध्यापक, भिलाईचे एक कुटुंब. उन्हाळ्यातच जास्त आले, कारण त्या दरीला उन्हाळा ठाऊक नव्हता. घाटात सागाची पाने झडून सगळा डोंगर राखाडी झालेला असे. रस्त्यापासून पायवाटेने खाली उतरले की दहा-पंधरा पावलांत हवा बदलायची. जांभूळ, आंबा, अर्जुन एकमेकांत शिरून वर छत झालेले. खडकांवर नेच्यांचे हिरवे पंखे. दगड हाताला थंड लागायचे, तळवा उचलला की त्याला ओलसर, मातकट वास यायचा. दुपारी एक लांब पांढऱ्या शेपटीचा पक्षी अंधाऱ्या हिरव्यातून रिबीन ओढत नेल्यासारखा जायचा. घाटाखाली माणसे डोक्याला दुपट्टा बांधून फिरत असताना वर पहाटे पांघरूण ओढावे लागे.

हे सगळे एका झिऱ्यामुळे होते. दरीच्या वरच्या अंगाला काळ्या खडकात एक कपार होती. तिच्यातून करंगळीएवढी धार बाराही महिने यायची. खाली पाण्याने कोरलेला परातीएवढा खळगा होता, तो भरून पाणी दगडांवरून ओघळत कुट्यांच्या बाजूने खाली जाई आणि पुढे जंगलात मुरून जाई. चारही कुट्यांचे पिणे, स्वयंपाक, आंघोळ त्या खळग्यावर चालायचे.

कुट्यांची व्यवस्था नामदेव आणि कांताबाई या जोडप्याकडे होती. बोरगावकडचे बौद्ध कुटुंब. दोघेही आधी वामनरावांच्या बागेत कामाला होते. नामदेव झाडांना आळी करायचा, पण त्याची खरी ओळख विहिरीच्या कामाची. गाळ काढणे, खडक फोडणे, झरा कोणत्या अंगाने येतो ते पाहून तिकडे आडवे छिद्र मारणे. ताणाच्या दिवसांत त्याला गावोगावहून बोलावणे यायचे, कारण मोटारी बंद असतात, विहीर मोकळी असते, विहिरीची कामे तेव्हाच निघतात. कांताबाई निंदण करायची, संत्री तोडायची. दरीत आल्यापासून ती पाहुण्यांचा स्वयंपाक करत होती. बेसनाची पातोडी ती अशी करायची की बँकेतले लोक वाटी पुसून खात.

कांताबाईला ती दरी का हवी होती, हे तिने एका दुपारी तांदूळ निवडताना सांगितले. विचारलेले नव्हते. काविळीच्या माणसाला पाणी उकळून द्यावे का, असा विषय निघाला होता.

"मले त या पान्याचंच कवतिक," ती म्हणाली. "बागेत मोटार चालू असली का काई सवाल नसते. पाटात पानी वाहते, कोनी बी आपला पान्याचा गुंड बुडवा. पन ताण लागला का मोटार बंद. मंग विहिरीवर जाऊन थांबाचं."

"कशासाठी थांबायचे?"

"कोनी येईन अन् काढून देईन, त्यासाठी." तिने एक खडा बाजूला टाकला. "श्रावनदादा चांगला मानूस हाय. कधी वाकडं बोलला नाई. 'थांबा बाई, मी देतो ना,' म्हनते. वरून ओतते. आपन खालून गुंड धराचा. अंगावर सांडलं त म्हनते, 'भिजल्या का?' पन दोर काई हातात देत नाई."

श्रावण हा वामनरावांचा गाडीवान, त्यांच्याच भावकीतला, पन्नाशीचा. बागेतल्या विहिरीवर तो असे. त्या विहिरीवर कोणी कोणाला कधी हाकलले नव्हते. तशी बातमी कोणत्याही वार्ताहराला तिथे मिळाली नसती. पाटी नव्हती, भांडण नव्हते, तक्रार नव्हती. फक्त दोर एका बाजूला होता आणि गुंड दुसऱ्या बाजूला. उरलेला वेळ उन्हात उभे राहण्यात जायचा.

"इथं मीच बुडवतो, मीच भरतो," कांताबाई म्हणाली. "यंदाचा ताण पहिला, का मी कोनाची वाट नाई पाहिली."

एवढेच तिचे होते. पगार बागेत मिळे तोच होता, काम जास्त होते, बोरगाव लांब पडत होते. पण सकाळी ती पितळी गुंड घेऊन कपारीशी जायची, खळग्यात तो आडवा करायची आणि पाणी आत शिरताना होणारा आवाज संपेपर्यंत तशीच वाकून राहायची. पाहुण्यांच्या आधी, वामनरावांच्याही आधी. मग लोटाही तीच भरून ठेवायची.

वामनराव दरीत आले की त्या लोट्यातले पाणी पीत. ते पाहिलेले आहे. खडकावर बसायचे, टोपी गुडघ्यावर ठेवायची आणि म्हणायचे, "कांताबाई, पानी देजो." ती लोटा द्यायची, ते तोंड लावून प्यायचे. बागेत त्यांचा माठ वेगळा होता, माडीवर. तिथे कांताबाईने कधी पाणी दिले नव्हते, त्यांनी मागितले नव्हते. दरीत मात्र पाहायला कोणी नव्हते. जे होते ते नागपूरचे, आणि त्यांना कोण कोणाचे हे ठाऊक नव्हते. या दोन वागण्यांमधले अंतर वामनरावांना जाणवत होते का, हे सांगता येत नाही. ते प्रामाणिक गृहस्थ होते. दोन्ही ठिकाणी सहज वागत.

काविळीच्या दिवसांत माणूस भोवतालचे फार बारकाईने पाहतो, कारण दुसरे काही करता येत नाही. ओल्या दगडावर बसलेली पिवळी फुलपाखरे, पंख मिटून, एका ओळीत. चुलीचा धूर वर न जाता पानांखालीच पसरून राहणे. माकडांनी वरून टाकलेली अर्धी जांभळे. नामदेवची पाहुण्यांवरची टीका. प्राध्यापक दुर्बीण घेऊन सकाळपासून एका फांदीकडे पाहत बसले होते. नामदेव लाकडे फोडता फोडता म्हणाला, "मास्तर पक्ष्याले पाहून राहिले अन् पक्षी मास्तरले. दोघंबी उपाशी." कांताबाईने आतून विचारले, "तुमी कोनाले पाहून राहिले? लाकडं कधी येतीन?"

पाहुणे वाढले आणि पाणी अपुरे वाटू लागले. धार कमी झाली नव्हती, आंघोळी वाढल्या होत्या. भिलाईच्या कुटुंबातली माणसे दोनदा आंघोळ करत. दुपारपर्यंत खळग्यात तळ दिसायचा आणि भरायला वेळ लागायचा. वामनरावांच्या डोक्यात आणखी दोन कुट्या होत्या. ते कपारीसमोर उभे राहिले आणि बागवाल्याच्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहू लागले.

आमच्या भागात पाणी कमी पडले की एकच उपाय माहीत असतो. आणखी खाली जायचे, आणखी आत जायचे. विहीर आटली की दोन हात खोल करायची, तरी भागले नाही की आडवे छिद्र मारायचे. त्यावर पांढुर्णा-सौंसरच्या बागा उभ्या आहेत. त्या उपायाने कित्येक घरे सावरली आहेत, म्हणून त्यावर शंका घ्यायची कोणाला सवय नाही.

"नामदेव, याले आडवं मारलं त?" वामनरावांनी विचारले.

नामदेवने कपारीत हात घातला. इकडून तिकडून दगड ठोकून पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी आपल्या कामाचे काहीतरी समोर आल्याचे समाधान होते. लाकडे फोडणे आणि कंदिलाच्या काचा पुसणे हे त्याचे काम नव्हते.

"पानी मागं लय हाय, मालक," तो म्हणाला. "तोंड बारीक हाय. हातभर मोकळं केलं त चौपट येईन."

कांताबाई तिथेच भांडी घासत होती. वामनरावांनी तिलाही विचारले. ती म्हणाली, "वाढलं त बरंच होईन. पाहुन्यांचे नखरे लय हायेत."

म्हणजे तिघांचेही एकमत होते. प्राध्यापक दुर्बीण पुसत म्हणाले की वाढले तर उत्तमच. त्या दरीत त्या दिवशी विरोधात कोणीच नव्हते. पुढे अनेक सभा, अनेक योजना, अनेक भूमिपूजने पाहण्यात आली. मोठ्या चुकांच्या आधी बहुतेक वेळा अशीच एकमताची शांतता असते. पण हे नंतरचे शहाणपण झाले.

काम नामदेव आणि श्रावणने केले. पहार आणि घण, दुसरे काही नाही. सुरुंग लावायचा नाही असे वामनरावांनी बजावले होते, जंगलाला त्रास नको म्हणून. घणाचा आवाज दरीत दोन्ही भिंतींवर आपटून परत येई. पांढऱ्या शेपटीचा पक्षी दिसेनासा झाला. भिलाईचे लोक गैरसोय सोसत होते, कारण नंतर पाणी भरपूर मिळणार होते.

एका सकाळी पहारीचा आवाज बदलला. भरीव ठणठण जाऊन खाली काही नसल्यासारखा घुमू लागला. नामदेव थांबला, घाम पुसला आणि हसला.

"पोकळ वाजून राहिलं," तो श्रावणला म्हणाला.

विहिरीच्या कामात ही सर्वांत चांगली खूण. खडक पोकळ वाजला म्हणजे पलीकडे पाणी आहे. आयुष्यभर त्या आवाजाने त्याला कधी फसवले नव्हते. त्याने आणखी काही घाव घातले. दगडाचा एक तुकडा आत पडला आणि मनगटाएवढी धार सुटली. आधी गढूळ, मग पांढरी शुभ्र. खळगा भरून वाहिला. दगडांवरून पाणी कुट्यांपर्यंत आले. वामनरावांनी विहिरीला पाणी लागल्यावर फोडतात तसा नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांच्या हातावर ठेवला, कांताबाईच्याही. पाहुण्यांची मुले पाण्यात नाचली. नामदेव एका बाजूला विडी ओढत बसला होता. श्रावण त्याला म्हणाला, "नामदेवा, आता तू इथंच बाग लाव. मालकापेक्षा मोठी."

"लावतो ना," नामदेव म्हणाला. "अन् गाडीवान म्हनून तुले ठेवतो."

ते काही दिवस त्या उन्हाळ्यातले सर्वांत आनंदाचे होते. कांताबाईने गुंडाबरोबर घरातले प्रत्येक भांडे घासून झिऱ्यावर नेले आणि भरले. भरून ठेवण्याची गरज नव्हती. तरी भरले.

मग एके सकाळी धार पुन्हा करंगळीएवढी झाली होती. कोणी फारसे मनावर घेतले नाही. दुसऱ्या दिवशी ती खडकाला चिकटून उतरू लागली. त्यानंतर थेंब. त्यानंतर खडकावर फक्त ओलसर काळा पट्टा राहिला आणि दुपारच्या वाऱ्याने तोही राखाडी झाला. फुलपाखरे एकदोन दिवस त्या पट्ट्यावर येऊन बसत होती.

भूजल खात्यातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने पुष्कळ वर्षांनी याचा खुलासा केला. ते पाणी खडकाच्या एका कललेल्या, पाणी न मुरणाऱ्या पाटावर साचलेले होते. पाट हेच भांडे आणि कपार ही त्याची चोच. चोच रुंद केल्यावर साठा भराभर ओसरला, आणि पहारीने तळालाच चीर पाडली होती. उरलेले पाणी त्या चिरेतून खोल उतरले. विहीर खाली असते, तिला तळ फोडून पाणी मिळते. झिरा वर असतो. त्याचा तळ हेच त्याचे सर्वस्व. अधिकाऱ्याने हे कागदावर दोन रेघा ओढून दाखवले. त्यांना अशी प्रकरणे पुष्कळ माहीत होती.

नामदेवला हा खुलासा मिळाला नाही. तो रोज कपारीशी जाऊन कोपरापर्यंत हात आत घालायचा.

"गार लागते," बाहेर येऊन सांगायचा. "पन ओलं नाई."

दरीच्या खालच्या अंगाला तो शोधत फिरला. कुठे नवी ओल दिसते का, कुठे गवत हिरवे झाले आहे का. काही सापडले नाही. जेवायला बसला की भाकरीचा तुकडा हातात धरून राहायचा. एकदा तो म्हणाला, "माह्या हातानं गेलं."

कांताबाई चुलीसमोर होती. "एकल्याच्या हातानं नाई गेलं," ती म्हणाली. "वाढलं त बरं, असं मीबी म्हटलं होतं. खा आता."

नेचे सर्वांत आधी गेले. हिरवे पंखे तांबूस होऊन आत वळले, मुठी आवळाव्या तसे. दगडांचा थंडपणा गेला. मग दरीतही दुपार होऊ लागली.

गेल्या वर्षी पत्रकारांच्या एका दौऱ्यात सातपुड्यातल्याच एका नव्या जंगल-निवासात राहणे झाले. मातीच्या भिंती, गवताचे छप्पर, आत वातानुकूलन. निसर्ग जपण्याविषयीची सूचना उशीवर ठेवलेली होती. पाणी बंद बाटल्यांतून होते, प्रत्येकाला वेगळी, झाकण आपल्या हाताने फोडायचे. वाढणाऱ्या माणसांची नावे छातीवर लावलेली होती, पण फक्त पहिली. चांगली व्यवस्था होती. ते पाणी कुठून आले, कोणी भरले, कोणाला थांबावे लागले, यातले काही विचारायची जागाच तिथे ठेवलेली नव्हती. सोबतच्या एका तरुण वार्ताहराने कौतुकाने म्हटले की इथे जातपात कुठे दिसते. खरे होते. दिसत नव्हती. दिसण्यासाठी एक दोर लागतो, एक भांडे लागते आणि भांडे धरून उभा असलेला माणूस लागतो.

झिरा आटल्यावर पाहुण्यांना परत पाठवणे वामनरावांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी बागेतल्या विहिरीचे पाणी बैलगाडीने वर आणायचे ठरवले. ताण चालू होता, झाडांना पाणी द्यायचे नव्हते, विहिरीत पाणी होते. लोखंडी ड्रम गाडीवर बांधून श्रावण घाटाने वर आला. पायवाटेपाशी गाडी उभी केली. कांताबाई गुंड घेऊन गेली. नामदेव आणि वामनराव तिथेच होते, दोन पाहुणेही होते.

श्रावण गाडीवर उभा राहिला. त्याने ड्रममध्ये बादली बुडवली, भरून वर काढली आणि वाकला.

"धरा बाई," तो म्हणाला. "मी देतो ना."

कांताबाईने गुंड धरला नाही. तिने तो गाडीच्या फळीवर ठेवला, चाकाच्या आऱ्यावर पाय दिला आणि वर चढली. पदर खोचला. श्रावणच्या बाजूने वाकून तिने गुंड ड्रममध्ये आडवा केला. तिचा हात मनगटापर्यंत पाण्यात होता. पाणी शिरण्याचा तो आवाज झाला, संपला. तिने गुंड काढून काठावर टेकवला.

श्रावण हातातली बादली तशीच धरून होता. तो रागावला नव्हता. काय करायचे असते हे त्याला माहीत नव्हते. त्याने वामनरावांकडे पाहिले. पाहुण्यांना यात पाहण्यासारखे काही दिसले नाही, ते आपसात उन्हाविषयी बोलत होते.

वामनराव गाडीजवळ आले. ते वाईट बोलणार नाहीत याची सगळ्यांना खात्री होती, आणि ते वाईट बोललेही नाहीत.

"श्रावन," ते म्हणाले, "उद्यापासून दोन ड्रम आनत जा. एक कांताबाईचा सोतंत्र. तिले जेवढं पाहिजे तेवढं ती आपल्या हातानं घेईन. कोनाची वाट पाहाचं काम नाई."

त्यांच्या आवाजात कसर नव्हती. आपण एक अडचण सोडवली, असेच त्यांना वाटले असावे. नामदेव खाली पाहत होता. कांताबाई गाडीवरून उतरली, गुंड डोक्यावर घेतला आणि कुटीकडे गेली. त्या दिवशी तिने स्वयंपाक केला. पाहुणे जेवले. वामनराव जेवायच्या आधीच खाली बागेत निघून गेले. काम होते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडी सकाळीच आली, या वेळी पायवाटेने कशीबशी कुटीपर्यंत उतरली. दोन ड्रम होते. एक कालचाच, गंजलेल्या काठाचा. दुसरा नवा, झाकणासकट, जास्त चांगला. श्रावणने दोन्ही कुटीसमोर जांभळाच्या सावलीत उतरवले, मध्ये माणूस उभा राहील एवढे अंतर ठेवून. वामनराव मागून चालत आले. नव्या ड्रमवर हात ठेवून ते म्हणाले, "घ्या कांताबाई. हा तुमचा."

कांताबाई दारात उभी होती. एका हातात भात शिजवायचा गंज होता, त्यात धुवायचे तांदूळ. आतल्या कुटीतून नागपूरच्या एका बाई विचारत होत्या, चहा होतोय का म्हणून.

तिने जुन्या ड्रमकडे पाहिले, मग नव्या. आवाज नेहमीचाच होता, मिठाचे विचारावे तसा.

"मालक, पाहुन्यांचा सैपाक कोन्या ड्रमच्या पान्यानं करू?"

वामनरावांचा हात झाकणावर होता. त्यांनी श्रावणकडे पाहिले, श्रावण बैलांकडे वळला. एवढे दिवस ते स्वतः, त्यांचे पाहुणे, भिलाईचे कुटुंब, प्राध्यापक, सगळे तिच्या हातचे पाणी पीत होते, तिच्या हातचा भात खात होते. हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. कोणी मोजायला लावले नव्हते. आतून चहाची हाक पुन्हा आली.

कांताबाईने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने तांदळाचा गंज कोरडाच नव्या ड्रमच्या झाकणावर ठेवला, वामनरावांच्या हाताशेजारी. आत जाऊन पितळी गुंड उचलला, तो रिकामा होता. नामदेवला म्हणाली, "चला." तो पहार घ्यायला वळला, तेव्हा म्हणाली, "राहू द्या ते."

दोघे पायवाटेने वर रस्त्याकडे गेले. छिंदवाड्याहून सौंसरकडे उतरणारी बस त्या वळणावर हात दाखवला की थांबायची.